एक्याण्णव पानांची पंगत

मोहाच्या झाडांनी गच्च भरलेल्या एका जंगलात एक खार राहत असे. खारी तशा सगळ्याच उद्योगी, पण हिचा उद्योग जरा निराळा होता. कुठलीही गोष्ट ओळीत मांडल्याशिवाय हिला चैन पडत नसे. बोरं मिळाली की आधी रांगेत मांडायची, मग खायची. चारोळ्या मिळाल्या की आधी त्यांचा चौकोन करायचा, मग खायच्या. मध्येच एखादी मैना येऊन चौकोनाचा कोपरा पळवी आणि खारीला सगळं पहिल्यापासून मांडावं लागे. तिला त्याचा राग येत नसे. पुन्हा मांडायला मिळालं म्हणून ती मनातून खूशच होई. तुमच्याही वर्गात असं कुणीतरी असेलच, मुलांनो. त्याला हसू नका. वेळ आली की अशीच मंडळी कामाला येतात.

चैत्रात मोहाच्या फुलांचा सडा पडला की या जंगलात दरवर्षी एक मोठी पंगत बसे. मोहाची फुलं, पिकलेली टेंभरं, उंबरं, ज्याला जे मिळेल ते त्यानं आणून टोपल्यांत टाकायचं आणि ओढ्याकाठच्या मोकळ्या माळावर एकत्र बसून खायचं. वाढायचं काम वानरांकडे. ससे, हरणं, रानडुकरं, मोर, कासवं, झाडून सारे येत. वाघोबा मात्र त्या दिवशी आपण होऊन पुढच्या उघड्या डोंगरावर जात. आपण पंगतीत बसलो की शेजारची पानं लगेच रिकामी होतात, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. समजूतदार वाघ होता.

पंगतीचा एक कडक नियम होता. सगळ्या ओळी सारख्या हव्यात. एका ओळीत जितकी पानं तितकीच दुसऱ्या ओळीत, एक कमी नाही की एक जास्त नाही. यालाही कारण घडलं होतं. फार पूर्वी एका वर्षी शेवटची ओळ चारच पानांची राहिली आणि त्या चार पानांवर नेमकी चार रानडुकरं येऊन बसली. वानरांनी रिवाजाप्रमाणे ओळीला एक टोपली दिली. दहाजणांची टोपली चौघांत, आणि चौघं कोण, तर रानडुकरं! आधी कुरकुर झाली, मग आरडाओरडा झाला, आणि शेवटी अशी झोंबाझोंबी झाली की पत्रावळी झाडांवर जाऊन अडकल्या. तेव्हापासून ठरलं की ओळी सारख्या झाल्याशिवाय टोपली उचलायची नाही. आणि टोपल्या उचलायच्या त्या सूर्य टेकडीला टेकायच्या आत, कारण पाखरांना अंधारात पानातलं दिसत नाही.

आणखी एक रीत होती. ज्याचं पान पंगतीत, तो या रानातला. बाहेरून कुणी आलं आणि पंगतीत जेवलं, की दुसऱ्या दिवसापासून त्यानं हवं तिथं बीळ खणावं, हवं तिथं घरटं बांधावं, कुणी हटकायचं नाही. पण बाजूला बसून जेवलं तर तो पाहुणा. पाहुण्याला पोटभर खायला मिळे, आणि सकाळी त्याला वाटेला लावलं जाई.

पानं मांडायचं काम वर्षानुवर्षं एका म्हाताऱ्या करकोच्याकडे होतं. त्याचा शब्द जंगलात सगळे मानत. पण आता त्याला पलीकडच्या ओळीतलं पान दिसेना. एकदा तर त्यानं झोपलेल्या कासवाला पत्रावळ समजून ओळीत सरकवलं. तेव्हा त्यानं खारीला बोलावलं आणि सांगितलं, "पोरी, यंदापासून मांडणी तुझी. सोपं आहे. आधी मंडळी मोजायची. मग दोनदोनच्या ओळी घालून पाहायच्या. कुणी उरलं तर तीनतीनच्या, तरी उरलं तर पाचपाचच्या. दोन, तीन, पाच. या तिघांपैकी कुणीतरी हो म्हणतंच. माझ्या आजोबांनी मला एवढंच शिकवलं आणि माझं कधी अडलं नाही."

खारीनं मान डोलावली. त्या आनंदात तिला पंगतीच्या आदल्या रात्री नीट झोपसुद्धा लागली नाही.

पंगतीच्या दिवशी सकाळीच तिनं मंडळी मोजली. नव्वद! नव्वदसारखी गुणी संख्या शोधून सापडायची नाही. दोनला विचारलं, हो. तीनला विचारलं, हो. पाचला विचारलं, त्याचंही हो. खारीनं दहा पानांची एक ओळ, अशा नऊ ओळी मांडल्या. पळसाच्या हिरव्यागार पत्रावळी, दोरीनं आखल्यासारख्या सरळ. ती ओळींमधून इकडून तिकडे फिरली, एखादं पान बोटभर डावीकडे सरकवलं, लांब जाऊन पाहिलं आणि पुन्हा होतं तिथं आणलं. इतकं सुख तिला चौकोन करून खाल्लेल्या चारोळ्यांनीही कधी दिलं नव्हतं.

दुपार कलली आणि ओढ्यापलीकडून एक सायाळ आली.

सायाळ म्हणजे अंगावर लांब काटे असलेली, हे तुम्हाला माहीत आहे. हिचे एका बाजूचे काटे टोकाला जळून काळे झाले होते. तिकडच्या डोंगराला वणवा लागला होता. बीळ गेलं, झाडं गेली, शेजारीपाजारी वाट फुटेल तिकडे पळाले, आणि ही तीन दिवस चालत इथवर पोचली होती. ती माळाच्या कडेला थांबली आणि हळूच म्हणाली, "मला थोडी जागा मिळेल का? मी फार खात नाही. बीळ माझं मी खणेन."

करकोचा म्हणाला, "चांगल्या दिवशी आलीस, बाई. आज पंगत आहे. बस पंगतीला, म्हणजे उद्यापासून तू इथलीच. खारूताई, एक पान वाढव."

खारीनं एक पान उचललं आणि ती तशीच उभी राहिली. पान ठेवायचं कुठं? नऊ ओळी दहादहाच्या. हे पान कुठल्याही ओळीत ठेवलं तर ती ओळ अकराची होणार. एकटंच ठेवलं तर एका पानाची ओळ होणार. आता मंडळी एक्याण्णव झाली होती.

"एकच लांब ओळ घालावी का?" ती पुटपुटली. पण एक्याण्णव पानांची ओळ माळावर मावली नसती. शेवटच्या वीसजणांना ओढ्यात बसावं लागलं असतं, आणि ते फक्त बेडकांनाच आवडलं असतं. एखाद्या वानराला बसवून ब्याण्णव करावेत, तर वाढणारा कधी पंगतीत बसत नाही.

खारीनं आपल्या ढोलीतून चिंचोके आणले. पत्रावळी ओढत बसण्यापेक्षा चिंचोके मांडणं सोपं. एका सपाट खडकावर तिनं एक्याण्णव चिंचोके मोजून ओतले, एकेका प्राण्याचा एकेक. करकोच्यानं शिकवलं होतं तसं आधी दोनदोन मांडले. पंचेचाळीस जोड्या झाल्या आणि एक चिंचोका उरला. सगळे मोडून तीनतीन मांडले. तीस ओळी झाल्या आणि एक उरला. पुन्हा मोडून पाचपाच मांडले. अठरा ओळी झाल्या आणि पुन्हा एकच उरला.

तिच्या खांद्यावरून एक कोल्हा हे सारं पाहत होता. कोल्ह्याचं सायाळीशी काही वैर नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. त्याला भूक लागली होती. सकाळपासून मोहाच्या फुलांचा वास येत होता आणि आधी पोटोबा मग विठोबा, हे त्याचं ठरलेलं होतं. शिवाय आपल्याला सगळ्यांच्या आधी उत्तर सापडतं, असा त्याचा समज होता.

"झालं की खारूताई!" तो म्हणाला. "दोन नाही, तीन नाही, पाच नाही. म्हणजे ही संख्या कुणाचंच ऐकायची नाही. आणि बघ ना, दरवेळी उरतो तो एकच. आता तो एक कोण, ते काय मी तोंडानं सांगायला हवं?"

सगळ्यांचे डोळे सायाळीकडे वळले.

"मी तिला उपाशी ठेवा म्हणत नाही," कोल्हा गोड आवाजात म्हणाला. "त्या करवंदीच्या जाळीखाली तिचं पान मांडा. भरपूर वाढा. आपण नव्वदजण नऊ ओळींत बसतो. सकाळी होतो तसेच. सगळ्यांचंच भलं."

करकोच्यानं खारीकडे पाहिलं. "पोरी, नक्की जमत नाही?"

खारीला नाही म्हणायचं नव्हतं. पण तिनं तिन्ही ओळी घालून पाहिल्या होत्या, आणि करकोच्याचे आजोबासुद्धा पाचाच्या पुढे गेले नव्हते. तिच्या तोंडून निघून गेलं, "नाही जमत, आजोबा."

मग काय, निवाडा झाला. कोल्हा आनंदानं शेपटी उडवत जंगलभर सांगत सुटला, "चला, चला, नव्वद ठरले! टोपल्या भरा!" आणि खारी एक पान घेऊन करवंदीच्या जाळीकडे गेली. इतकी सुंदर, हिरवी पत्रावळ, पण ती तिथं एकटी मांडताना तिला लाज वाटली. तिनं ती दोनदा सरळ केली. एकटं पान काही केल्या सरळ दिसेना.

सायाळ तिथं येऊन बसली. "तू मनाला लावून घेऊ नकोस, ताई," ती म्हणाली. "माझे काटे पाहून कुणी शेजारी बसत नाहीच. आमच्या रानातही मी कडेलाच असायचे. मला सवय आहे उरायची."

"आणि उद्या?" खारीनं विचारलं.

"उद्या पुढचा डोंगर. तिथंही एखादी पंगत असेल." सायाळ हसली, पण तिचे पाय सुजलेले खारीला दिसत होते. पुढचा डोंगर उघडा, खडकाळ होता, आणि तिथं कोण गेलं होतं तेही खारीला आठवलं. वाघोबा! ती पाठ फिरवून खडकाकडे पळाली.

आता टोपल्या उचलायच्या आत चिंचोके तरी आवरावेत, म्हणून ती ते गोळा करू लागली. तिच्या इवल्या हातांत एका खेपेला चारच चिंचोके मावत. म्हणून तिची सवयच होती, आधी चारचारचे ढीग घालायचे आणि मग एकेक ढीग उचलून ढोलीत न्यायचा. डोळ्यांत पाणी, पण हात आपोआप चालू होते. चार, चार, चार. बावीस ढीग झाले आणि खडकावर तीन चिंचोके उरले.

खारी पहिला ढीग उचलायला वाकली आणि थबकली. तीन? आतापर्यंत तर एकच उरत होता. तिनं पुन्हा मोजलं. चिंचोके एक्याण्णवच होते. ढीग बावीसच होते. आणि उरलेले तीन होते.

"मग हे तीन कोण?" ती स्वतःलाच म्हणाली. "एक सायाळ म्हणावं, तर बाकीचे दोन कोण? मी? आजोबा? कोल्होबा?"

बराच वेळ ती त्या तीन चिंचोक्यांकडे पाहत राहिली आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाचपाच मांडले की एक उरतो, चारचार मांडले की तीन उरतात. चिंचोके तेच, मंडळी तीच. म्हणजे कुणी उरतं ते ओळीमुळे उरतं! सायाळीच्या कपाळावर काही उरणं लिहिलेलं नाही. मी घातलेली ओळच तिला बाहेर ठेवते आहे. आणि मी तर तीनच प्रकारच्या ओळी घालून पाहिल्या, आणि जमत नाही म्हणून मोकळी झाले.

तिला स्वतःचा असा राग आला की काही विचारू नका. पण राग आवरून तिनं सूर्याकडे पाहिलं. टेकडीच्या माथ्यावर तो वीतभर उरला होता. खारीनं सगळे ढीग मोडले.

सहासहा मांडले. पंधरा ओळी झाल्या आणि एक उरला. पुन्हा तोच एकटा चिंचोका! पण या वेळी ती थांबली नाही. सगळे मोडले आणि सातसात मांडू लागली. एक ओळ, दोन ओळी, पाच, आठ. राशीतले चिंचोके कमी होत होते. दहा ओळी, अकरा, बारा. आता किती राहिले ते बघायची तिची हिंमत होईना. डोळे बारीक करून तिनं एकेक चाचपत मांडला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. आणि रास संपली.

खडकावर एकही चिंचोका उरला नव्हता. सातसातच्या तेरा ओळी, अगदी काटेकोर. खारीनं आनंदानं टुणकन उडी मारली आणि ती खडकाच्या आडव्या कडेला जाऊन पडली. तिथून पाहते तो काय, त्याच चिंचोक्यांच्या आता तेरातेराच्या सात ओळी दिसत होत्या! एकाला शोधायला गेली आणि त्याच्या मागोमाग दुसरा आपसूक हजर झाला. तेरा साते एक्याण्णव. तुमच्या शाळेत यांना विभाजक म्हणतात. ज्या संख्येनं भागलं की मागं काही उरत नाही, ती विभाजक. आणि विभाजक असे जोडीजोडीनं येतात, सातचा हात धरून तेरा, एकचा हात धरून एक्याण्णव. खारीला यातलं नाव काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच कळलं की सायाळ बाहेर राहायची नाही.

"थांबा!" ती माळाकडे धावत सुटली. "टोपल्या खाली ठेवा! जमतंय! आजोबा, जमतंय!"

वानरांनी टोपल्या डोक्यावर घेतल्या होत्या. मंडळी पानांवर बसायच्या बेतात होती. करकोच्यानं पंख वर करून सगळ्यांना थांबवलं. खारीनं धापा टाकत सांगितलं, "सात ओळी, एकेका ओळीत तेरा पानं."

"सात?" करकोचा चकित होऊन म्हणाला. "आमच्या घराण्यात साताला कुणी विचारलंच नव्हतं. आणि पोरी, सातही नाही म्हणाला असता तर?"

"तर आठाला विचारलं असतं, मग नवाला."

"आणि मग? असं किती दिवस विचारत बसली असतीस? सूर्य काय तुझ्यासाठी थांबतो?"

"नवाच्या पुढे जायची गरजच नव्हती, आजोबा," खारी म्हणाली. धावता धावता तिनं हाही विचार केला होता. "दहा दाहे शंभर. एवढे आपण आहोत कुठे? म्हणजे ओळही दहाची किंवा मोठी, आणि ओळींची संख्याही दहा किंवा जास्त, असं व्हायचंच नाही. दोघांतला एक तरी दहाच्या आतला हवा. आणि दहाच्या आतले तर मी सगळे पाहिले असते. नऊही नाही म्हणाला असता, तर मग मीच म्हटलं असतं की नाही जमत. तेव्हा ते खरं असतं. मघाशी म्हटलं ते खोटं होतं."

करकोच्यानं चोच खाली घातली. मग म्हणाला, "मघाशी ते माझं खोटं होतं, पोरी. तू फक्त माझं ऐकलंस. चला, हात चालवा सगळ्यांनी!"

सूर्य टेकडीला टेकायला आला होता. नऊ ओळी मोडून नव्या मांडायला वेळ नव्हता. पण मांडणीत खारीचा हात कोण धरणार? ती म्हणाली, "सात ओळी आहेत तशाच राहू द्या. शेवटच्या दोन ओळी उचला आणि त्यातली तीनतीन पानं बाकीच्या प्रत्येक ओळीला जोडा. दहाच्या होतील तेरा." माळ लांबीला ऐसपैस होता. ससे पानं घेऊन पळाले, मोरांनी चोचीत धरून आणली, हरणांनी नाकानं ढकलली. पहिल्या ओळीला तीन लागली, दुसरीला तीन, तिसरीला तीन, अशा सहा ओळी झाल्या. सातव्या ओळीला दोन लागली, आणि पानं संपली.

"एक पान कमी पडतंय!" ससे ओरडले.

सगळे इकडेतिकडे बघू लागले. कुणी पान दडपलं म्हणून रानडुकरांकडे बोट दाखवलं, तर रानडुकरं रागावून उभी राहिली. खारी मात्र हसत होती. मोडलेल्या दोन ओळींची पानं वीस. सात ओळींना तीनतीन म्हणजे लागणार एकवीस. ते एकविसावं पान कुठं आहे, हे तिलाच माहीत होतं.

"करवंदीच्या जाळीखाली," ती म्हणाली.

जाळीखालून सायाळ बाहेर आली. तिनं आपलं पान तोंडात धरलं होतं. कुणी सांगायच्या आधी हरणं बाजूला झाली आणि तिला वाट दिली. ती सातव्या ओळीच्या टोकाला गेली आणि तिनं ते पान खाली ठेवलं. ओळ पुरी झाली. खारीनं ते बोटभर डावीकडे सरकवलं, आणि या वेळी ते एकदम सरळ दिसलं.

"आता बसा!" करकोच्यानं हाक दिली. "ज्याला जे पान मिळेल त्यानं तिथं बसावं."

मंडळी भराभर बसली. सायाळ टोकाच्याच पानाशी उभी होती. खारीनं तिचा हात धरून तिला ओढत तिसऱ्या ओळीत, अगदी मधोमध नेलं. एका बाजूला खारी बसली. दुसऱ्या बाजूला एक म्हातारं कासव होतं. सायाळ घाबरत म्हणाली, "आजोबा, माझे काटे टोचतील हो तुम्हाला."

कासवानं पाठीवर टकटक करून दाखवलं. "टोचव बरं," ते म्हणालं.

सायाळ हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. आपल्या दोन्ही बाजूंना कुणीतरी बसलेलं ती पहिल्यांदाच पाहत होती.

वानरांनी टोपल्या उचलल्या. एवढ्यात धापा टाकत कोल्हा आला. जंगलाच्या पार दुसऱ्या टोकाला, नव्वद ठरल्याचं सांगत तो फिरत बसला होता. येऊन पाहतो तर ओळी वेगळ्याच, आणि सगळी पानं भरल्यासारखी. तो या ओळीतून त्या ओळीत धावला. घाईत त्याला कुठंच जागा दिसेना. त्याचा चेहरा अगदी एवढासा झाला.

"खारूताई, माझं पान?" त्यानं रडवेल्या आवाजात विचारलं.

"आहे की, कोल्होबा. सातव्या ओळीचं शेवटचं."

कोल्हा जाऊन त्या पानावर बसला. करवंदीच्या जाळीखालून आलेलं ते पान. वानरानं त्यात मोहाची फुलं वाढली. पहिला घास घ्यायच्या आधी, सवयीनं, खारीनं पहिल्या ओळीपासून पानं मोजायला सुरुवात केली. सारी पंगतही तिच्याबरोबर मोजू लागली. तेरा, सव्वीस, एकोणचाळीस, असं करत करत मोजणी सातव्या ओळीत शिरली. अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, नव्वद. आणि टोकाच्या पानाशी येऊन सगळे एका सुरात म्हणाले, "एक्याण्णव!"

तो कोल्हा होता.

कोल्ह्यानं घास हातात धरून मागे पाहिलं, की आपल्या पलीकडे आणखी कुणी आहे का. कुणीच नव्हतं. मग उठला, आपल्या पानातलं सगळ्यात पिकलेलं टेंभर उचलून तिसऱ्या ओळीत गेला आणि ते सायाळीच्या पानात ठेवून आला.

सूर्य टेकडीला टेकला तेव्हा सगळ्या ओळी एकदमच जेवत होत्या.

तात्पर्य : मांडणी जुळली नाही की कुणीतरी उरतंच. म्हणून उरलेल्याला उठवण्याआधी मांडणी बदलून पाहावी, आणि सगळे विभाजक शोधल्याशिवाय ‘जमत नाही’ असं कधी म्हणू नये.